'इत्तेकिमासु', म्हणजे 'येतो' की 'येते'?

त्या रात्री ग्रुपवर आमचं नेहमीचंच भांडण चाललं होतं: व्हिज्युअल नॉव्हेल (पडद्यावर चित्रं आणि संवाद दाखवत पुढे सरकणारी गोष्ट) हा गेम की पुस्तक? हे भांडण दर दोन महिन्यांनी उगवतं. एक जण म्हणतो, नुसतं एंटर दाबत वाचायचं त्याला गेम कसला म्हणता. लगेच दुसरा १९८३ च्या 'पोर्तोपिया'पासून वंशावळ सांगायला घेतो. तिसरा म्हणतो, १९९२ च्या 'ओतोगिरिसो'ला बनवणाऱ्यांनीच 'साउंड नॉव्हेल' म्हटलं होतं, मग तुम्ही कोण? शेवटी कुणीतरी आपल्या लाडक्या नायिकेचा स्टिकर टाकतं आणि विषय बुडतो. या वेळी तो बुडायच्या आत आजोबांनी तोंड घातलं. (वय फार नाही, पण बोलतात ते कायम नव्वदच्या दशकातल्या गेमबद्दल, म्हणून आजोबा.) म्हणाले, "एवढं वाचता, मराठीत एक तरी वाचलंय का?"

सगळे गप्प. आणि मी नको ते बोलून बसले, "करू की एक."

सात महिने गेले त्यात.

गेम कोणता ते सांगणार नाही. सांगितलं तर पुढचा सगळा मजकूर हाच स्पॉयलर ठरेल. जपानी, फुकट मिळणारा, एकट्या माणसाने केलेला, तीनेक तासांत संपणारा, एवढं पुरे. साधारण २,३०० ओळी. रूट, म्हणजे कथेची वाट, एकच, अधेमधे चार-पाच निवडी. पहिल्या अनुवादाला चाळीस तासांचा, पाच नायिकांचा डोंगर घेऊ नका, हे आजोबांचं म्हणणं आम्ही ऐकलं. त्यांचं ऐकल्याची ही एकच वेळ असावी.

काम तिघांत वाटलं. माझं जपानी एन३ परीक्षेपुरतं, म्हणजे शब्दकोश उशाशी ठेवून वाचण्याइतकं. दुसरा अनुवादक स्किपराव. त्याचं जपानी माझ्याहून चांगलं आहे, पण कुठलाही गेम तो आधी स्किपवर पळवतो आणि मग आवडलं ते वाचतो, म्हणून हे नाव. यंत्राचं सगळं आजोबांकडे. गोष्ट ते मुद्दाम वाचणार नव्हते. "मला शेवटी एक कोरा वाचक म्हणून ठेवा," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

आधी परवानगी. अशा गेमसोबत एक वाचावी अशी मजकूर-फाइल येते आणि ती बहुतेक जण उघडत नाहीत. आम्ही उघडली. न विचारता पुन्हा वाटू नये, असं त्यात होतंच. पण खाली 'उसन्या घेतलेल्या वस्तूं'ची लांबलचक यादी होती. पार्श्वभूमीचे फोटो एकाचे, संगीत दुसऱ्याचं, दार वाजल्याचा आवाज तिसऱ्याचा, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. फोटोवाल्याचा नियम होता की चित्रात फेरफार चालणार नाही. एका चित्रात भिंतीवरच्या कागदावर जपानी मजकूर होता, आणि तो कथेला लागत होता. तो खोडून मराठी लिहिण्याचा बेत तिथेच रद्द झाला. चित्राला हात न लावता खाली अर्थ दाखवायचं ठरलं. लेखकाला पत्र लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. उत्तर दोन ओळींचं आलं: जरूर करा, फक्त शेवटचा प्रसंग बाहेर काढण्याआधी मला दाखवा. ती दुसरी ओळ मी तेव्हा सहज वाचून सोडून दिली.

गेम रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल बनवायच्या साधनात केलेला होता, हे आमचं नशीब. 'रेन' हे जपानी 'रेनआइ'तलं, म्हणजे प्रेम, आणि 'पाय' पायथनचं. टॉम रॉथमेल यांचं हे साधन २००४ पासून फुकट मिळतंय आणि त्यात अनुवादाची सोय आधीच केलेली आहे: एक बटण दाबलं की प्रत्येक संवादाखाली तुमच्या भाषेसाठी मोकळी जागा ठेवून फाइल तयार होते. आजोबांनी बटण दाबलं, मी पहिल्या वीस ओळी भरल्या, गेम चालू केला. पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी.

या चौकटींना टोफू म्हणतात. 'नोतो' फॉन्टचं नावच मुळी 'नो टोफू'वरून आलंय. रेनपायच्या मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, एवढंच कारण होतं. आम्ही 'मुक्त' फॉन्ट घातला. चौकटी गेल्या आणि त्यांच्या जागी 'दविस' आला.

'दिवस' असं लिहिलं होतं. पडद्यावर 'दविस'. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, हे रेनपायच्या त्या जुन्या आवृत्तीला ठाऊकच नव्हतं. टंकलेल्या क्रमाने ती अक्षरामागून येत होती आणि शेजारच्याला जाऊन चिकटत होती. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. लेखकाने गेम केला होता तो अशा आवृत्तीत. ८.२ पासून रेनपाय अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतं, त्यामुळे अख्खा गेम नव्या आवृत्तीत उचलून न्यावा लागला. आजोबांचे दोन आठवडे त्यात गेले. तेव्हापासून ग्रुपवर सकाळी सगळे एकमेकांना "शुभ दविस" म्हणतात. नवीन आलेल्यांना वाटतं, आम्हाला शुद्धलेखन येत नाही.

ओळींची उंचीही वाढवावी लागली. जपानी अक्षरं एका ठोकळ्यात बसतात. आपला रफार आणि अनुस्वार वर जातो, उकार खाली लोंबतो. मजकुराच्या पेटीत त्यांच्या तीन ओळी बसायच्या, आमच्या दोनच नीट बसत. त्यात मराठी वाक्य लांब. निम्म्या वेळी अनुवाद करून झाल्यावर कात्री लावणं हेच काम असे.

तरी सुरुवातीचे दिवस मजेचे होते. इंग्रजीतून व्हिज्युअल नॉव्हेल वाचताना जपानी वाक्य उलटंपालटं झालेलं जाणवतं. मराठीत क्रियापद शेवटी, जपानीतही शेवटी. वाक्याच्या शेपटीला लावलेलं 'ने' म्हणजे आपलं 'ना', इतकं सरळ. नादवाचक शब्दांत तर आपण त्यांना ऐकतच नाही. 'गोरोगोरो' म्हणजे गडगड, 'दोकिदोकि' म्हणजे धडधड. 'शितोशितो' पावसाला मी 'रिमझिम' लिहिलं, स्किपरावने ते खोडून 'भुरभुर' केलं, मी परत 'रिमझिम' केलं, असं आठवडाभर चाललं. जपानीत शांततेलाही आवाज आहे, 'शीऽऽन'. त्याला काय लिहावं? 'चिडीचूप' म्हणजे कुणीतरी दटावल्यासारखं वाटे. दोन दिवसांनी ग्रुपवर भलत्याच ॲनिमेवरून हाणामारी चालली असताना मध्येच कुणीतरी लिहिलं, "सामसूम." शब्द आधीपासून होता, त्यातला 'स' आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. जपानीत 'मी' म्हणायला 'वाताशि', 'बोकु', 'ओरे', 'वाशि' असे कितीतरी शब्द, आणि नुसत्या त्यावरून माणूस कळतो. मराठीत सगळे 'मी'. 'वाशि'वाल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी आम्ही 'बरं का' पेरलं. बाकीच्यांचं नुकसान सोसलं.

मग आम्ही पहिले दोन अध्याय जोडले.

पहिला माझा, दुसरा स्किपरावचा. नायक पहिल्या अध्यायात "मी आले, बसले, पावसाकडे बघत राहिले" असं बोलत होता. दुसऱ्या अध्यायात तोच "मी निघालो, धावलो, थबकलो." मी स्किपरावला फोनच केला. "अरे, मुलगी आहे ती!" पलीकडे सामसूम. त्याने शेवट वाचलाच नव्हता. सवयीने स्किप मारून तो थेट आपल्या अध्यायाशी गेला होता, आणि नायक बोलतोय म्हणजे मुलगाच, असं त्याने गृहीत धरलं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूक त्याची नव्हतीच. गेमच तसा बांधलेला आहे. निवेदक मुलगा की मुलगी हे शेवटच्या प्रसंगापर्यंत कळत नाही, आणि बहुतेक वाचक मुलगा समजून चालतात. जपानीत हे सहज जमतं: कर्ता गाळता येतो, क्रियापदाला लिंग नसतं, नाव दोघांनाही चालेल असं ठेवता येतं, आणि सर्वनाम लागलंच तर 'जिबुन', म्हणजे 'स्वतः'. मी शेवट माहीत असताना अनुवाद करत होते, शिवाय स्वतः बाई, म्हणून 'आले, बसले' आपसूक आलं. पहिल्याच ओळीत मी रहस्य फोडून ठेवलं होतं आणि तीनशे ओळी मला त्याचा पत्ता नव्हता.

सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती 'इत्तेकिमासु'ची. घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो: जाऊन येतो. शब्दाला शब्द तेच. घरातला म्हणतो 'इत्तेराश्शाइ', म्हणजे जाऊन ये. इंग्रजी अनुवादक या जोडीपुढे हात टेकतात. आपल्याकडे ती तयार आहे, जशीच्या तशी, आणि मला ती वापरता येईना! कारण 'येतो' म्हणा नाहीतर 'येते'. मधलं काही नाही. (काही बोलींत बायकाही सर्रास 'मी येतो, मी गेलो' म्हणतात, हे ग्रुपवर निघालं. पण नायिकेला एकटीलाच बोली देणं म्हणजे पुन्हा बोट दाखवणं.)

मी ग्रुपवर नाव न सांगता प्रश्न टाकला: मराठीत मी कोण आहे हे न कळू देता गोष्ट कशी सांगायची? एरवी बेस्ट गर्ल, म्हणजे सगळ्यात लाडकी नायिका, कोण यावर तलवारी उपसणारे लोक अचानक व्याकरणात घुसले. पहिली सूचना, 'आपण' वापरा. मला पटली, 'आपण'चं मूळ 'आत्मन्'मध्ये, म्हणजे 'जिबुन'चा सख्खा भाऊच. स्किपरावने त्यात अर्धा अध्याय केला. "आपण काय घाबरत नाय. आपण निघालो." सोळा वर्षांचा लाजाळू जीव नाक्यावरचा दादा झाला. मग 'आम्ही' करून पाहिलं. तो दादा गादीवर जाऊन बसला.

शेवटी मार्ग सापडला तो व्याकरणाच्याच एका फटीत. 'मी गेलो, गेले' यात लिंग दिसतं, पण 'मी दार उघडलं' यात नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघतं, माझ्याकडे नाही. मग आम्ही नायिकेच्या प्रत्येक हालचालीला एकेक कर्म शोधून दिलं. ती चालली नाही, तिने रस्ता धरला. उठली नाही, अंथरूण सोडलं. पळाली नाही, धूम ठोकली. झोपली नाही, पाठ टेकली. निघून गेली नाही, काढता पाय घेतला. घाबरली की 'माझी गाळण उडाली'. माझ्या वहीत अशी चार पानं भरली आहेत. या कामी मराठीचे वाक्प्रचार किती उपयोगी पडले, ते शाळेत 'वाक्यात उपयोग करा' लिहिताना कळलं असतं तर बरं झालं असतं.

भविष्यकाळ सुरक्षित: जाईन, बघीन. वर्तमान आणि भविष्यातला नकार सुरक्षित: 'मी जात नाही', 'मी येणार नाही'. म्हणजे वर्तमानकाळात नाही म्हणताना मराठी तुम्हाला लिंग विचारत नाही, हो म्हणताना विचारते. हे मी पन्नास वेळा तपासून पाहिलं, अजून गंमत वाटते. निवडींमध्ये 'जायचं' आणि 'नाही जायचं' असं ठेवलं. 'मला वाटलं, मला दिसलं, मला हसू फुटलं' हे तर कुठेही चालतं, पण त्याचा मारा झाला की माणूस स्वतः काहीच करत नाही, सगळं त्याच्यावर येऊन आदळतं, असा भास होतो. तिसऱ्या अध्यायात तो भास हवा होता, तिथे राहू दिला. बाकी ठिकाणी छाटला.

दुसऱ्यांचं बोलणं त्याहून अवघड. 'तू आलास, आलीस' टाळता येतं, पण 'अरे' आणि 'अगं' टाळून घरातलं मराठी बोलून बघा. रे नाही, गं नाही, संवाद कोरडा ठणठणीत. 'हे बघ', 'ऐक ना', 'ए' आणि नायिकेचं नाव, एवढ्यावर आईचे सगळे संवाद उभे केले. 'शहाणा, वेडा' गेले. 'हुशार, हट्टी, लाजाळू' राहिले. 'एकटा, एकटी'वर मात्र आम्ही अडून बसलो, कारण तो शब्द मूळात ठिकठिकाणी येतो. 'सोबत कुणी नव्हतं.' याहून चांगलं अजून सुचलेलं नाही.

'इत्तेकिमासु'ला शेवटी 'येईन लवकर' केलं. जीव नाही रमला त्यात.

मधल्या काळात एका सकाळी आमच्या गेममधली ५८ वाक्यं परत जपानी झाली. लेखकाने चांगल्या मनाने टंकनाच्या चुका सुधारून नवी प्रत पाठवली होती. रेनपाय प्रत्येक संवादाला ओळखतं ते त्याच्या मजकुरावरूनच काढलेल्या एका आठ अंकी-अक्षरी खुणेने. मूळ वाक्यात एक स्वल्पविराम हलला तरी खूण बदलते आणि अनुवाद पोरका होतो. आजोबांनी एकेक जोडून दिला. दुसऱ्या एका दिवशी गेम मध्येच कोसळला, तो माझ्यामुळे. स्वतःसाठी टीप म्हणून मी संवादात चौकटी कंसात 'नंतर बघू' लिहिलं होतं. चौकटी कंसात रेनपाय चल, म्हणजे ज्याच्या जागी किंमत घालायची असं नाव, शोधतं. 'नंतर बघू' नावाचं काही त्याला सापडलं नाही.

चाचणीला पहिली बसली ती ग्रुपमधली एक मुलगी, जिला स्पॉयलरचं वावडं आहे. ॲनिमेचा नवा भाग आला की स्वतः बघेपर्यंत ती ग्रुप बंद ठेवते. तिने पहिला अध्याय संपवला आणि कळवलं, स्वयंपाकघराच्या प्रसंगात पार्श्वभूमी काळी दिसतेय. मी गडबडीत उत्तर दिलं, "हो, तिच्या घराचे दोन फोटो राहिलेत, आज टाकते."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "तिच्या?"

२,३०० ओळी धुऊन काढल्या आणि फोडलं ते गप्पांमध्ये. आजोबा तेव्हा ग्रुपवर नव्हते, म्हणून वाचले. मी तो संदेश पुसला आणि त्यांच्या समोर नायिकेबद्दल बोलायचं झालं तर 'नायक' म्हणायचं, असा नियम केला.

मग शेवटचा प्रसंग. मुळात असा आहे: दार उघडल्याचा आवाज, काळा पडदा, त्यावर एकच शब्द, 'तादाइमा'. पुढच्या क्लिकला चित्र येतं आणि निवेदक पहिल्यांदा दिसतो. 'तादाइमा' म्हणजे घरी परतल्यावर उंबऱ्यातून द्यायची हाक. मराठीत ती हाक एकच आहे, आणि सात महिने आम्ही ज्याच्यापासून पळत होतो तेच ते क्रियापद. मी लिहिलं:

"आले."

स्किपराव म्हणाला, "चित्राच्या आधीच फुटलं की." खरं होतं. मूळात जे चित्र सांगतं ते इथे एक क्लिक आधी एक मात्रा सांगून टाकत होती. लेखकाला दाखवायचं कबूल केलंच होतं. मी पत्रात दोन्ही रूपं लिहून समजावलं, की आमच्याकडे हा शब्द बोलणाऱ्याला दाखवल्याशिवाय बोलताच येत नाही, आणि आतापर्यंत एकदाही असं रूप येऊ दिलेलं नाही. चार दिवसांनी उत्तर आलं. शब्द ठेवा. चित्र आहे तिथेच ठेवा. फक्त त्या काळ्या पडद्यावर ऑटो (आपोआप पुढे सरकणं) आणि स्किप चालू देऊ नका. हे वाचून सगळ्यात जास्त दुखावला कोण, ते सांगायला नको.

उरले आजोबा. त्यांनी एका शनिवारी रात्री गेम लावला. आम्ही दोघं ग्रुपवर उगाच इकडचं तिकडचं बोलत जागे. एकच्या सुमाराला त्यांचा संदेश आला, "थांबा." पुढे काही नाही. स्किपरावने तीन प्रश्नचिन्हं पाठवली. उत्तर नाही. दीड तासाने लिहिलं, "पुन्हा पहिल्यापासून लावलाय."

आणि पहाटे आणखी एक. "तिसऱ्या अध्यायात, जिन्यावर, 'दमलेय' असं राहिलंय. पहिल्या वेळी वाचताना मला दिसलंच नाही."

'लो' आणि 'ले'ने संपणारा एकेक शब्द आम्ही शोधून काढला होता. 'दमलेय' संपतो 'य'ने. आजोबांनी सुधारलेली ओळ सोबत पाठवली होती, 'जीव थकलाय'. आम्ही ती घातलेली नाही.